रंभेचा तीन मजली केक

हमरापूरच्या आसपास घरटी एक तरी गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हटलं तरी भोंगा नाही की धुराडं नाही. पत्र्याची लांबलचक पडवी, मातीची जमीन, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पांढऱ्याफटक मूर्ती. मूर्ती ओतणारे वेगळे, घासणारे वेगळे, अंगाचा रंग मारणारे वेगळे. डोळे काढायचे ते सगळ्यात शेवटी. त्याला आखणी म्हणतात, आणि पोपटच्या कारखान्यात बावीस वर्षं ती आखणी शांती करत होती.

पोपट तिचा धाकटा दीर. नवरा गोविंदा गेला तेव्हा रंभा सहा वर्षांची होती, आणि शांतीपुढे दोनच रस्ते होते, माहेरी जायचं नाहीतर दिराच्या पडवीत बसायचं. ती बसली. पहिलं वर्ष घासकामात गेलं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की रेघ ओढताना हिचा हात हलत नाही. तेव्हापासून हातात बारीक कुंचला आला तो आलाच. अर्धवट मिटलेल्या पापण्या, कानाकडे निघालेली लांब रेघ, आणि बुबुळाच्या वरच्या अंगाला सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. मुंबईचे व्यापारी येत आणि विचारत, "डोळे कोणी काढलेत?" पोपट छाती पुढे काढून म्हणे, "आपल्याच घरातली हायत." मजुरी द्यायची वेळ आली की हेच 'आपल्याच घरातली' त्याच्या उपयोगाला येई.

शांतीने कधी तोंड उघडलं नाही. तो तिचा स्वभावच नव्हता. समोरच्याच्या कपाळाला आठी पडलेली दिसली, की ती आठी आपणच पाडली असं तिला वाटे, आणि ती घालवण्यासाठी ती काहीही कबूल करून बसे. गावात तिला गरीब गाय म्हणत. रंभेला त्या शब्दाचा राग येई.

रंभा शिकली, आणि डोलवीच्या कंपनीत एका ठेकेदाराच्या ऑफिसात शिफ्टच्या हजेऱ्या सांभाळायला लागली. तिथेच तिची रोह्याच्या गोपाळशी ओळख झाली. तो कंपनीत इंजिनिअर. वडील माधवराव निवृत्त हेडमास्तर, आई अनसूयाबाई त्याच शाळेत शिक्षिका. घराण्याची एके काळी बरीच जमीन होती; आता जमीन थोडी आणि पदव्या पुष्कळ. मूर्ती रंगवणारीची मुलगी सून म्हणून मान्य करायला त्यांना आठ महिने लागले. मान्य केल्यावर मात्र त्या घराने उदारपणा दाखवायचं ठरवलं. त्या उदारपणानेच पुढचा सगळा घोळ घातला.

अनसूयाबाई साडी-चोळी घेऊन आल्या, पडवीतल्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, आम्हाला काही म्हणजे काही नको. लग्न तुम्ही इथे साधंच करा. रोह्याचं रिसेप्शन आमच्याकडे. तुम्ही फक्त केक आणा. आमच्या पुतण्याच्या वेळी पुण्याला तीन मजली होता ना, तसा."

"आणू की," शांती म्हणाली.

पाहुणे गेल्यावर रंभा आईसमोर येऊन उभी राहिली. "तीन मजली केक कसा असतो ठाऊक तरी हाय तुला?"

"नाय. बघून घेईन."

"मग नाय म्हणायचं ना, आई."

"पयल्याच मागणीला नाय म्हटलं तर उद्या तुला ऐकवतील गो. एका केकासाठी तुझी मान खाली नको जायला."

यात शांतीचं सगळं आलं. मुलीने त्या घरात ताठ मानेने शिरावं, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती मान आता एका केकावर येऊन टेकली होती.

पेणमध्ये बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत दिनानाथची बेकरी आहे. खारी, टोस्ट, वाढदिवसाचे केक. तीन मजली केकाची किंमत ऐकल्यावर शांती त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसली. दिनानाथ मनाने चांगला माणूस. त्याने तिला पाणी दिलं आणि आवाज खाली आणला. "वहिनी, सगळेच करतात ते सांगतो. खालचे दोन मजले थर्माकोलचे. वर साखरेचं घट्ट आयसिंग. वाळलं की दगड. खरा केक फक्त वरचा, सुरी तिथंच लागते. पावण्यांसाठी साधे चौकोनी केक देतो, ते आतल्या खोलीत कापून बशीत वाढायचे. कोणाला कळत पण नाय."

"म्हणजे फसवायचं?"

"तुमचा गणपती आतनं भरीव असतो काय?"

शांतीला हसू आलं. पोकळ मूर्तीला तिनेच हजारो वेळा जिवंत केलं होतं. ती म्हणाली, "मग वरचं नक्षीकाम मी करते. त्याचे पैसे तू लावू नको."

दिनानाथने आधी हो-नाही केलं. पण तिने आयसिंगचा कोन हातात धरला आणि कागदावर एक वेल काढून दाखवली, तेव्हा त्याने थर्माकोलचे मजले तिच्यापुढे आणून ठेवले. मूर्तीच्या अंगावरचे दागिने उठवायला अशीच पुडी लागते. फरक इतकाच, की साखर चिकटत होती आणि बोटं चाटायला तिचा हात सारखा तोंडाकडे जात होता. दोन दुपारी बेकरीच्या मागच्या खोलीत बसून तिने थर्माकोलवर पैठणीचा काठ काढला, त्यावर कोयऱ्या, खालच्या मजल्याला मोगऱ्याच्या माळा. भट्टीवरची माणसं पीठ मळायचं सोडून बघायला येत होती. दिनानाथ पुन्हा पुन्हा म्हणत होता, की वहिनी, तुम्ही माझ्याकडेच कामाला या. शांतीला त्या दोन दुपारी फार बरं वाटलं. कोणी आपल्या हाताचं एवढं कौतुक तोंडावर करतं, याची तिला सवय नव्हती.

शेवटी केकाच्या वर ठेवायची जोडी राहिली. दिनानाथने डब्यातून प्लास्टिकची बाहुला-बाहुली काढली. पांढरा झगा घातलेली एक गोरी बाई आणि काळा कोट घातलेला एक गोरा माणूस.

"ह्यातली रंभा कुठली?" शांतीने विचारलं.

"वहिनी, ते तसंच असतं."

"ऱ्हाऊ दे. मी करून आणते."

तिने शाडूच्या मातीची वीतभर उंचीची जोडी केली. नवरीला हिरवा शालू, नाकात नथ, कपाळाला मुंडावळ्या. नवऱ्याला फेटा, अंगात शेरवानी. माती उन्हात वाळवली, रंग दिले, आणि सवयीप्रमाणे डोळे शेवटी काढले. ते काढताना तिला काही विचार करावा लागला नाही. तिथेच चुकलं. बावीस वर्षं एकच डोळा काढणारा हात, तो दुसरा कुठून आणणार? पण हे तेव्हा तिला दिसलं नाही, रंभेला दिसलं नाही, पोपटलाही नाही. जन्मभर तेच डोळे बघणाऱ्यांना ते वेगळे कसे वाटावेत?

वैशाखातलं ऊन. रिसेप्शनच्या दिवशी सकाळी दिनानाथने वरचा खरा केक तयार केला, आणि पोपटने आपला टेम्पो आणला. मूर्ती न्यायची त्याला जन्माची सवय, म्हणून त्याने तळाला पेंढा घातला, बाजूंना बर्फाच्या पिशव्या लावल्या, आणि जोडीचं खोकं पुढच्या सीटवर ठेवलं, तोंड रस्त्याकडे करून. गणपती नेताना पाठमोरा नेत नाहीत, म्हणून त्याचा हात आपोआप तसा गेला. वडखळपर्यंत ठीक होतं. पुढे नागोठण्याकडे जाताना हायवेच्या खड्ड्यांनी जीव काढला. शांती मागे पेंढ्यात बसून दोन्ही हातांनी केकाची पाटी धरून होती. निडीच्या पुढे वरच्या क्रीमची एक बाजू जराशी घसरली. तिने बोट बर्फाला लावून गार केलं आणि ती सारखी केली. रोहा येईपर्यंत तिची पाठ धरली होती, पण केक शाबूत होता.

हॉलमध्ये केक मांडला आणि लोक जेवणाची रांग सोडून बघायला आले. अनसूयाबाई आल्या, चष्मा सारखा करून वाकल्या आणि त्यांनी चक्क शांतीचा हात धरला. "विहीणबाई, हे तुम्ही केलंत? मला वाटलं मुंबईहून मागवलाय." त्यांनी पुण्याच्या जावेला मुद्दाम बोलावून दाखवलं. जावेने मोबाईलवर फोटो काढले. स्टेजवर रंभा बसली होती, तिने लांबूनच आईकडे बघून मान हलवली. शांतीच्या आयुष्यातला तो अर्धा तास सुखाचा होता, आणि तो तिला पुरता मिळाला, हे त्यातल्या त्यात बरं.

कारण त्या अर्ध्या तासात केकापाशी दुसरंच काहीतरी चाललं होतं. कोणी बाई लहान मुलाला कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, "बाप्पाला जय कर." कोणी हारातलं फूल तोडून जोडीच्या पायांशी ठेवलं. एका म्हाताऱ्याने जाता जाता चपला काढल्या. एकाने केलं म्हणून दुसऱ्याने केलं. शांती मधेच चौकोनी केकांची तयारी बघायला आतल्या खोलीत गेली होती. तिला यातलं काही दिसलं नाही.

मग गोपाळने सुरी घेतली, रंभेने त्याच्या हातावर हात ठेवला, फोटोवाला म्हणाला, "इकडे बघा." तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"थांबा रे. देवाच्या आसनाला सुरी लावता?"

बोलली ती गिरजाबाई, माधवरावांची आत्या, वय वर्षं चौऱ्याऐंशी. त्या घरात तिच्या शब्दापुढे कोणी जात नसे. माधवराव हसून म्हणाले, "आत्या, देव नाही तो. नवरा-नवरी आहेत."

"डोळे बघ म्हणजे कळेल," गिरजाबाई म्हणाली.

सगळ्यांनी बघितलं, आणि आतून बाहेर आलेल्या शांतीनेही बघितलं. शालू रंभेचा होता, नथ रंभेची होती, आणि डोळे गणपतीचे होते. मिटल्यासारखे आणि तरी सगळं बघणारे. दोघांचेही. पायांशी फुलांचा हा ढीग. मुलीची बाहुली करायला आपण बसलो आणि हाताने भलतंच करून ठेवलं, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

"आपण ती जोडी उचलून बाजूला ठेवू," गोपाळ म्हणाला.

"फुलं वाहिलेला देव मधेच उचलायचा?" गिरजाबाईने विचारलं. मागे कुजबुज सुरू झाली. कोणी हसत होतं, कोणी खरंच घाबरलं होतं. पुण्याची जाऊ मोबाईल धरून उभी होती. अनसूयाबाईंचा चेहरा उतरला. त्या शांतीकडे वळल्या नाहीत; रंभेच्या कानाशी वाकून म्हणाल्या, पण शांतीला ऐकू गेलं, "दुकानातला साधा आणला असता तरी चाललं असतं. पहिल्याच दिवशी हसं झालं."

रंभेने सुरीवरचा हात काढून घेतला होता. ती आईकडे बघत होती आणि बोलण्यासाठी तिचं तोंड उघडलं होतं. शांतीला एवढंच दिसलं, की पोर आता रडणार. पहिल्याच दिवशी, चारचौघांत, माझ्यामुळे.

ती दोन पावलांत पुढे आली. टेबलावरच्या ग्लासात तिने पदराचं टोक बुडवलं. "नाय हो, देव कुठला," ती म्हणाली, आणि ओल्या पदराने तिने आधी नवरीचे डोळे पुसले. कच्च्या मातीवरचा पाण्याचा रंग तो, एका फटकाऱ्यात गेला. मग नवऱ्याचे पुसले. काढलेले डोळे पुसायचे नसतात, चुकले तर ती मूर्ती बाजूला ठेवायची, हे तिनेच कारखान्यात नव्या मुलींना शिकवलं होतं. दोन कोरे चेहरे उरले आणि पदराला काळा डाग.

"आता बाहुली झाली," गिरजाबाई म्हणाली. "कापा."

हॉलभर हुश्श झालं. केक कापला, टाळ्या पडल्या, गोपाळने रंभेला भरवला, रंभेने अनसूयाबाईंना. शांती निघाली तेव्हा अनसूयाबाई तिला म्हणाल्या, "तुम्ही फार समजूतदार आहात हो." शांतीला ते शब्द प्रसादासारखे वाटले. पोपटच्या टेम्पोत, रिकाम्या पाटीशेजारी बसून परत येताना ती ते मनात घोळवत राहिली. निभावलं बाई, असं ती स्वतःला सांगत होती. रंभा तिच्याशी निघताना काही बोलली नव्हती, ते ती थकव्यावर ढकलत होती.

पावसाळ्यात कारखान्यात उसंत नसते. रंभा दोनदा येऊन गेली, घाईघाईने. शांतीने विचारलं की म्हणे, "बरं चाललंय." चतुर्थीला आठ दिवस होते तेव्हा ती आणि गोपाळ रोह्याच्या घरचा गणपती न्यायला आले. या वर्षी मूर्ती नात्यातल्या कारखान्यातली, हा अनसूयाबाईंचा आणखी एक उदारपणा. गोपाळ पोपटबरोबर बाहेर चहा घेत बसला. मायलेकी आत मूर्तीपाशी.

"सासूबाईंनी सांगितलंय," रंभा म्हणाली, "डोळे मोठे हवेत. उघडे. हे मिटल्यासारखे वाटतात त्यांना. फोटो पाठवला होता ना पोपटकाकांनी, तो बघून म्हणाल्या."

मूर्तीची आखणी कालच झाली होती. शांती एवढंच म्हणाली, "बरं, करून देते," आणि तिने फडकं पाण्यात बुडवलं.

"बघ," रंभा म्हणाली. "लगेच."

शांतीचा हात थांबला.

"त्या दिवशी मी सुरी खाली ठेवणार होते, आई. तोंड उघडलं होतं मी. सांगणार होते, का हे माझ्या आईच्या हातचं हाय, ह्याला मी सुरी लावणार नाय. आत चौकोनी केक होते, त्यातला एक आणा म्हणणार होते. तू मला एक शब्द बोलू दिला नाय. आलीस नि पुसून टाकलंस."

"तुझ्यासाठीच केलं गो. तू रडायला आली होतीस."

"रडायला नव्हते आले." रंभा मूर्तीकडे बघत बोलत होती. "तू माझ्यासाठी केलंस म्हणून तर मला बोलता येत नाय. पण आता त्या घरात काय बी झालं ना, कोणी भांडत नाय माझ्याशी. बोलतात आणि नुसते थांबतात. हिच्या आईने पुसलं, ही पण पुसणार, हे त्यांना ठाऊक हाय. नोकरी सोड म्हणाले, नि थांबले."

"मग?"

"मग काय. हो म्हटलं. ह्या महिन्याचा पगार शेवटचा."

शिफ्टच्या हजेऱ्यांचं रजिस्टर रंभेला घरी आणता येत नसे, पण नोकरी लागली तेव्हा त्याच्याबद्दल ती रात्र रात्र बोलली होती. ज्या मानेसाठी शांतीने आपल्या हातचं पुसलं, ती मान त्याच पदराने खाली गेली होती, आणि हे तिला चार महिने कळलं नव्हतं. आयुष्यभर डोळे काढले आणि पोटच्या पोरीचे डोळे वाचता आले नाहीत. तिला स्वतःची चीड आली. एवढी चीड तिला गोविंदा गेला तेव्हाही आली नव्हती.

तिने फडकं पिळलं आणि खिळ्याला टांगलं.

"मूर्ती अशीच जाईल," ती म्हणाली.

"सासूबाई विचारतील."

"विचारू देत. मी येते टेम्पोतनं. मी सांगते त्यांना, का हे डोळे पुसायचे नसतात."

"नको," रंभा म्हणाली. "तू सांगितलंस तर तुझं होईल ते. मी सांगते."

"आणि नोकरीचं?"

बाहेरून गोपाळने हाक मारली, उशीर होतोय म्हणाला. रंभेने मूर्तीच्या चेहऱ्यावर रुमाल टाकला, पाटाच्या दोन्ही बाजूंना हात घातले आणि मूर्ती उचलली. दीड फुटाची, वजनाला बऱ्यापैकी. पाट एका बाजूला जरासा कलला. शांतीने आधार द्यायला खालून हात पुढे केला, आणि मग तो मागे घेतला.